सिस्टर, पोटॅशियम काय म्हणतंय?

थायरॉईडचं ऑपरेशन झालेला पेशंट दुसऱ्या दिवशी कुरकुरला, “सिस्टर, ओठांभोवती मुंग्या येताहेत.” मुरलेल्या नर्सच्या डोक्यात लगेच कॅल्शियम येतं. थायरॉईडच्या पाठीला तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, पॅराथायरॉईड ग्रंथी चिकटलेल्या असतात. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का लागला, की कॅल्शियम घसरतं. तपासायला बीपीचा पट्टा पुरतो! वरच्या बीपीपेक्षा थोडा जास्त फुगवून तीन मिनिटं ठेवायचा. मनगट वाकलं, बोटं सरळच्या सरळ एकत्र आली आणि अंगठा तळव्याकडे वळला, तर संशय बळावतो. दंड आवळून हे ओळखण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच डॉक्टर आर्मां त्रूसो यांची.

पण वॉर्डातला खरा तापट गडी पोटॅशियम. लिटरमागे 3.5 ते 5 मिलीइक्विव्हॅलंट एवढ्याच पट्ट्यात तो शहाण्यासारखा वागतो. वर गेला, की ईसीजीतली टी-लाट उंच, टोकदार होते आणि हृदय कधीही थांबू शकतं. मग पहिलं इंजेक्शन कॅल्शियम ग्लुकोनेटचं. गंमत अशी, की त्याने पोटॅशियम जराही उतरत नाही. ते फक्त हृदयाला सांभाळून धरतं. पाठोपाठ इन्सुलिन येतं आणि नातेवाईक हबकतात, “अहो, यांना शुगर नाहीच!” नसू दे. इन्सुलिन पोटॅशियमला रक्तातून पेशींत ढकलतं. साखर घसरू नये म्हणून सोबत ग्लुकोज द्यायचं आणि पुढचे काही तास साखर पुन्हापुन्हा बघायची. दम्याचं साल्ब्युटामॉल वाफेतून दिलं, तरी तेही हेच काम करतं. अर्थात ही सगळी लपवालपवी. पोटॅशियम शरीराबाहेर जाणार ते लघवीतून, शौचातून, नाहीतर डायलिसिसने.

कधी रिपोर्ट धडकी भरवणारा आणि पेशंट मजेत पेपर वाचत बसलेला! रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांच्यातलं पोटॅशियम नमुन्यात मिसळतं आणि आकडा फुगतो. नमुना पुन्हा पाठवायचा; मात्र ईसीजी बिघडलेला असेल, तर दुसऱ्या रिपोर्टची वाट बघायची नाही.

उलटा प्रकारही होतो. पोटॅशियम देत राहिलं तरी वर येईना, तर मॅग्नेशियम तपासावं. ते कमी असेपर्यंत मूत्रपिंड पोटॅशियम वाया घालवत राहतं. आणि पोटॅशियम क्लोराईडचं इंजेक्शन शिरेत थेट कधीच ढकलायचं नाही. सलाईनमध्ये मिसळून, हळूहळू. दिसायला पाण्यासारखं, पण जीवघेणं.

मॅग्नेशियमची शान बघायची तर लेबर रूममध्ये. गरोदरपणातले झटके थांबवायला मॅग्नेशियम सल्फेट देतात. दर डोसाआधी नर्स गुडघ्यावर हातोडी मारून बघते, श्वास मोजते, लघवी मोजते. पाय उडाला नाही, तर डोस थांबला! जास्त झालंच, तर उतारा तोच, मघाचा कॅल्शियम ग्लुकोनेट.

सोडियमला घाई चालत नाही. आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागले, की घरचे वयावर ढकलतात. प्रत्यक्षात सोडियम 120 च्या खाली असू शकतं. बरेच दिवस उतरलेलं सोडियम भराभर वर नेलं, तर मेंदूतल्या मज्जातंतूंचं आवरण खराब होतं. म्हणून 24 तासांत ते साधारण 8 मिलीइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त वाढवत नाहीत.

हार्मोन्सचा कारभार आणखी नाटकी. अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकली, की त्वचा आणि हिरड्या काळवंडतात, मीठ खावंसं वाटतं, सोडियम खाली, पोटॅशियम वर. थॉमस अ‍ॅडिसन यांनी 1855 मध्ये हा आजार मांडला. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनाही तो होता. बरेच महिने चाललेल्या स्टेरॉईडच्या गोळ्या एकदम बंद केल्या, तरी ही ग्रंथी अशीच कमी पडून बीपी कोसळू शकतं. तेव्हा ‘बरं वाटतंय’ म्हणून त्या स्वतःच्या मनाने सोडू नका.

आणि किडनीच्या पेशंटला भेटायला निघालात, तर शहाळं घेण्याआधी सिस्टरना विचारा. त्यात पोटॅशियम भरपूर असतं. ‘लो सोडियम’ मिठातही सोडियमच्या जागी बहुतेकदा तेच घातलेलं असतं.