बॉम्बने बेट पडतं का?

सिसिली आणि ट्युनिशियाच्या मधोमध पँटेलेरिया नावाचं ज्वालामुखीचं बेट आहे. मुसोलिनीने तिथे किनाऱ्यावर तोफा बसवल्या, विमानांसाठी डोंगरात हँगर खोदला. ११ जून १९४३ रोजी दोस्त राष्ट्रांच्या होड्या किनाऱ्याला लागल्या, तेव्हा बेटाने शरणागती पत्करलेली होती. आधी सहा हजार टनांहून अधिक बॉम्ब पडले होते. नुसत्या विमानांनी तटबंदीचं बेट जिंकता येतं, असं विमानदळातल्या अनेकांना वाटलं.

मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. सॉली झुकरमन या प्राणिशास्त्रज्ञाने हल्ल्याचं गणित मांडलं होतं. नंतर बेटावर जाऊन त्याने पाहणीही केली. थेट बॉम्ब लागून निकामी झालेल्या तोफा थोड्याच होत्या. कोलमडलं होतं ते तोफांभोवतीचं सगळं : टेलिफोनच्या तारा, नेम धरण्याची यंत्रणा, दारूगोळ्याचे साठे, रस्ते. इटालियन सेनानीने शरण येताना कारण दिलं पाण्याच्या टंचाईचं. शिवाय महिन्याभरापूर्वीच ट्युनिशिया हातचा गेला होता आणि समुद्रातून वेढा पडला होता. लढायची इच्छा उरली नव्हती.

ती इच्छा शाबूत असली तर काय होतं, हे इवो जिमाने दाखवलं. जेमतेम एकवीस चौरस किलोमीटरचं बेट. अमेरिकी सैन्य उतरण्यापूर्वी सत्तरहून अधिक दिवस त्यावर बॉम्ब पडत होते. पण जपानी जनरल कुरिबायाशीने सैन्य जमिनीखाली नेलं होतं. सैनिकांनी गंधकाच्या उष्ण वाफेत किलोमीटरच्या किलोमीटर भुयारं खोदली. १९ फेब्रुवारी १९४५ रोजी अमेरिकी मरीन उतरले. लढाई ३६ दिवस चालली आणि सुमारे ६,८०० अमेरिकी मेले. बॉम्बने वरची माती उलथली, खालची फौज जागच्या जागी राहिली.

विमानांचा खरा उपयोग रबाउलला झाला. न्यू ब्रिटन बेटावरचा हा जपानचा बळकट तळ. दोस्तांनी तो घेतलाच नाही. धावपट्ट्या आणि जहाजं झोडपत राहिले, आसपासची बेटं ताब्यात घेतली. फेब्रुवारी १९४४ मध्ये अमेरिकी विमानवाहू जहाजांनी ट्रक नावाच्या बेटांवरच्या जपानी तळावर घाला घातला, तेव्हा जपानने रबाउलची लढाऊ विमानंच काढून घेतली. मागे उरलेली सुमारे लाखभर माणसं युद्ध संपेपर्यंत तिथेच अडकली, रताळी पिकवून जगली.

अडकलेल्यांत कैदीही होते. सिंगापूर पडल्यावर पकडलेल्या हजारो भारतीय सैनिकांना जपान्यांनी मजुरीसाठी या बेटांवर आणलं होतं. वरून पडणारे बॉम्ब दोस्तांचे, उपासमार नाकेबंदीची, मारहाण जपान्यांची. १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियन सैन्याने सोडवेपर्यंत त्यांच्यातले कित्येक जण गेले होते. रबाउलजवळ बिता पाकाच्या युद्धस्मशानात भारतीय सैनिकांच्याही कबरी आहेत.