साठ म्हटले, आठ ऐकू आले

कुरकुंभच्या एमआयडीसीत आपल्या वस्त्यांमधील अनेक जण तीन पाळ्यांत राबतात. कॉम्प्रेसर, बॉयलर, ब्लोअर यांच्या आवाजात आठ तास काढून घरी आले, की कानात ‘सूं’ वाजत राहते. टीव्ही मोठा करावा लागतो. ‘साठ रुपये’ म्हटले तर ‘आठ’ ऐकू येते. घरचे म्हणतात, हा मुद्दाम लक्ष देत नाही. आम्हाला वाटते, अशा वेळी रागावण्याआधी कान तपासून घ्यावेत.

आपण ऐकतो कसे? आवाजाच्या लहरी कानाच्या पडद्यावर आदळतात आणि पडदा थरथरतो. त्यामागची तीन चिमुकली हाडे ही थरथर आतल्या शंखाकृती भागात पोहोचवतात. तिथे पाणी असते आणि केसांसारखी टोके असलेल्या हजारो नाजूक पेशी असतात. पाणी हलले की त्या पेशी मेंदूकडे संदेश धाडतात. गवतावरून माणूस एकदा चालला तर गवत पुन्हा उभे राहते. रोज चालला तर तिथे वाट पडते. या पेशींचे तसेच होते. माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. स, श, फ यांसारखे बारीक आवाज आधी जातात, म्हणून ‘साठ’चा ‘आठ’ होतो.

८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास कानावर पडला तरी धोका सुरू होतो. पुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे. मोजायला यंत्र नसेल तर साधी खूण लक्षात ठेवा: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कानाला घातक आहे. टोल्युइनसारखी द्रावके जिथे वापरतात, तिथे ती वाफ आणि आवाज मिळून कानाचे नुकसान वाढवतात.

कानात कापसाचा बोळा घालून भागत नाही. कंपनीकडून इअरप्लग किंवा इअरमफ मागून घ्या. फोमचा प्लग स्वच्छ हाताने चोळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. कारखान्यातील आवाजाने येणारा बहिरेपणा हा कायद्याने मान्य केलेला व्यावसायिक आजार आहे. म्हणून कंत्राटी कामगारांनीही कानाच्या तपासणीची मागणी करावी आणि अहवालाची प्रत जपून ठेवावी.

आता थोडे आपल्याच घरचे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत लहान लेकरांना खांद्यावर घेऊन आपण डीजेच्या भिंतीसमोर उभे राहतो. कारखान्यातला आवाज पोटासाठी सोसावा लागतो, हा तर आपण वर्गणी काढून आणतो. बाबासाहेबांची जयंती लेझीम, ढोलकी आणि भीमगीतांनीही दुमदुमते. डीजे असलाच तर मुले, गरोदर बाया आणि म्हातारी माणसे यांना लांब ठेवा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला २००० सालच्या नियमांनी मनाई आहे, हेही मंडळांनी लक्षात घ्यावे.

कानात काडी, पिन, कोमट तेल घालू नका. लेकराचा कान वाहत असेल, हाक मारल्यावर ते वळत नसेल किंवा बोलायला उशीर होत असेल, तर थांबू नका. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पहिल्या काही दिवसांतच उपचाराचा खरा उपयोग होतो. आधी दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. गरज पडल्यास पुण्यात ससूनच्या कान-नाक-घसा विभागात ऑडिओमेट्री करून घ्या. ती सुई-टोचणीविना होते आणि अजिबात दुखत नाही.

श्रवणयंत्र लावण्यात लाज कसली? चष्मा लावतोच ना आपण. पण जे ऐकू येते आहे ते राखणे आज आपल्या हाती आहे. उद्या पाळीला निघताना डब्यासोबत इअरप्लगही घ्या.