निविदेत न दिसणारा खर्च

भुयारी गटाराची नळी फुटली की रस्ता खोदणे ओघानेच आले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. नळी जमिनीखाली असते; तेव्हा तिच्यापर्यंत पोचण्यासाठी जमीन उकरलीच पाहिजे, हा तर्क वरकरणी बिनतोड वाटतो. तथापि तो अर्धशतकापूर्वीच लटका ठरला आहे. १९७१ साली लंडनच्या हॅकनी भागातील एका जुन्या, विटांच्या मलवाहिनीची दुरुस्ती एरिक वुड या अभियंत्याने रस्ता न उकरता करून दाखविली. १९७७ साली या पद्धतीला अमेरिकेत पेटंटही मिळाले.

या पद्धतीमागील कल्पना सोपी आहे. नमद्यासारख्या जाड कापडाची, वाहिनीच्या मापाची लांब पिशवी द्रवरूप रेझिनमध्ये भिजवावयाची आणि पाण्याच्या वा हवेच्या दाबाने मॅनहोलमधून आत ढकलावयाची. पुढे सरकताना ती पायमोज्याप्रमाणे उलटत जाते आणि तिची रेझिनने माखलेली बाजू जुन्या नळीच्या भिंतीला चिकटते. मग गरम पाणी वा वाफ सोडली की रेझिन कठीण होते. अलीकडे त्यासाठी अतिनील किरणांचाही उपयोग करतात. जुन्या नळीच्या पोटात अशा रीतीने सांध्याविना नवी नळी तयार होते. घरोघरच्या जोडनळ्यांची झाकली गेलेली तोंडे यंत्राच्या साहाय्याने आतूनच कापून मोकळी केली जातात. व्यास किंचित घटतो. परंतु पृष्ठभाग गुळगुळीत झाल्यामुळे वहनक्षमता सहसा घटत नाही.

असे असूनही कुदळीची सद्दी संपलेली नाही. याचे कारण बव्हंशी तंत्रात नसून हिशेबात आहे. वाहिनी खोल असेल तर खोदकाम मुळातच महाग पडते. परंतु ती उथळ असली की खोदकामाची निविदा पुष्कळदा स्वस्त दिसते. ती स्वस्त दिसते, कारण तिच्यात सगळा खर्च लिहिलेला नसतो. दुकानदाराचा बुडालेला धंदा, बसमध्ये खोळंबलेल्या नोकरदारांचा वेळ, वळसा घालून जाणारी रुग्णवाहिका, चर खणताना तुटलेली शेजारची पाण्याची नळी, बुजविलेल्या चरावर पहिल्याच पावसात खचणारे डांबर यांपैकी काहीही दरपत्रकात नसते. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ ए. सी. पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात खासगी खर्च व सामाजिक खर्च यांतील तफावतीचे विवेचन केले. तिचे इतके ढळढळीत उदाहरण क्वचितच सापडेल. ठेकेदाराने न भरलेला आणि पालिकेने न मोजलेला खर्च नाहीसा होत नाही. तो शेकडो खिशांतून थोडाथोडा वसूल होतो.

लंडनने ही तफावत कमी करण्याचा एक मार्ग शोधला. तेथील वाहतूक यंत्रणेने २०१२ साली सर्वाधिक वर्दळीच्या रस्त्यांवर गर्दीच्या वेळी काम करणाऱ्यांकडून दिवसाला कमाल २,५०० पौंड भाडे आकारण्यास प्रारंभ केला. रस्ता अडविण्याला किंमत आली की काम रात्री करणे, दोन संस्थांनी एकाच चरात उरकणे किंवा मुळात चरच न खणणे परवडू लागते.

अर्थात अस्तर हा रामबाण उपाय नव्हे. पूर्णपणे ढासळलेल्या किंवा उतार बिघडलेल्या वाहिनीला ते उपयोगी पडत नाही. वाहिनी वस्तीच्या मानाने अपुरी असेल तर जुनी नळी आतून फोडून तिच्या जागी मोठी नळी ओढण्याची वेगळी पद्धत वापरावी लागते. शिवाय या तंत्रालाही त्याचा अदृश्य खर्च आहे. वाफेने रेझिन घट्ट करताना बाहेर पडणारा पांढरा लोट केवळ पाण्याची वाफ नसून त्यात रासायनिक द्रव्येही असतात, असे पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिले. हा भार कामगारांवर आणि शेजारच्या घरांवर पडतो. अस्तर घालण्यापूर्वी वाहिनी स्वच्छ करावी लागते. तेथे यंत्राऐवजी माणूस उतरविला गेला, तर खर्च कुणाच्या माथी मारला गेला हे निराळे सांगावयास नको. धोकादायक सफाईसाठी माणसाला गटारात उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही माणसे मरत राहिली आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूची भरपाई वाढवून ३० लाख रुपये करावी लागली.

दिल्ली, मुंबई यांसारख्या शहरांत जुन्या मलवाहिन्यांना अस्तरे घालण्याची कामे झाली आहेत. तंत्र आपल्याला परके राहिलेले नाही. परकी आहे ती हिशेबाची पद्धत. प्रत्येक निविदेत रस्ता किती दिवस अडणार याचा एक रकाना असावा, त्या प्रत्येक दिवसाचे मोल आधी जाहीर केलेले असावे आणि ते धरूनच कोणती निविदा किमान हे ठरवावे. कामगारांच्या सुरक्षिततेचा व वाफेच्या बंदोबस्ताचा खर्चही त्यातच यावा. मग काही ठिकाणी कुदळच योग्य ठरेल, काही ठिकाणी अस्तर. परंतु जो निर्णय होईल तो पूर्ण हिशेब मांडून झालेला असेल. कर भरणाऱ्या नागरिकाला एवढी अपेक्षा करण्याचा अधिकार आहे.