जबलपूरचा विद्यार्थी, युरोपातलं सत्र

राणी दुर्गावती विद्यापीठासारख्या आपल्या विद्यापीठातून एका सत्रासाठी युरोपात जाताय? आधी हे पाहा.

■ क्रेडिट : युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत वर्षाला ६०, सत्राला ३०.

■ अभ्यास : एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास, त्यात व्याख्यानं, वाचन, परीक्षा सगळं आलं. आपल्याकडे मोजतात त्या फक्त तासिका, साधारण १५. आकडे थेट जुळवू नका.

■ करार : इरास्मस प्लस या युरोपीय देवाणघेवाण योजनेतून जायचं असेल, तर 'लर्निंग अ‍ॅग्रीमेंट'वर तुमची आणि दोन्ही विद्यापीठांची सही निघण्यापूर्वीच हवी.

■ वेळापत्रक : उदाहरणार्थ, जर्मनीत हिवाळी सत्राची व्याख्यानं ऑक्टोबरात सुरू होतात, परीक्षा साधारण फेब्रुवारीत. इथली परीक्षा बुडणार असेल, तर विभागप्रमुखांची लेखी परवानगी घ्या.

■ परतताना : शिक्क्याची गुणपत्रिका मागून घ्या.