विश्लेषण : घटमांडणी की वेधशाळा? पावसाच्या भाकिताची मर्यादा कुठे?

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विदर्भ-खान्देशातील अनेक शेतकऱ्यांचे लक्ष बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ या गावाकडे लागलेले असते. तोवर भारतीय हवामानशास्त्र विभागाचा मोसमी पावसाचा पहिला अंदाजही जाहीर झालेला असतो. एकीकडे परंपरेवरची श्रद्धा, दुसरीकडे उपग्रह आणि महासंगणक. प्रश्न मात्र एकच : यंदा पाऊस कसा राहील? उत्तर चुकले, तर भुर्दंड पेरणी करणाऱ्यालाच बसतो.

घटमांडणी कशी होते?

जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी शेतात गोलाकार घट आखला जातो. त्याभोवती गहू, ज्वारी, तूर, उडीद, सरकी अशी १८ प्रकारची धान्ये मांडली जातात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळे असतात. ती पावसाळ्याच्या चार महिन्यांची प्रतीके. त्यावर पाण्याची घागर आणि पुरी, पापड, कुरडई असे पदार्थ ठेवतात. पहाटे ढेकळांचा ओलावा आणि दाण्यांची हालचाल पाहून पाऊस, पिके व बाजारभाव यांचे भाकीत सांगितले जाते. ही परंपरा तीनशेहून अधिक वर्षांची असल्याचे मानले जाते.

भाकीत खरे वाटते ते का?

‘पाऊस साधारण’, ‘भाव मध्यम’ अशी भाषा कोणत्याही वर्षाला लागू पडू शकते. कुठल्या तालुक्यात, किती मिलिमीटर, हे सांगितलेले नसते. शिवाय देशात सरासरीच्या आसपास पाऊस पडणारी वर्षेच अधिक असतात. त्यामुळे दरवर्षी डोळे मिटून ‘साधारण’ म्हणणाराही बऱ्याचदा बरोबर ठरतो. बरोबर आलेले भाकीत लक्षात राहते, चुकलेले विसरले जाते. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचा आक्षेप नेमका यावर आहे : चुकल्याचा हिशेब ठेवला जात नाही.

मग विज्ञान चुकत नाही का?

चुकते, आणि मोठ्या प्रमाणात चुकले आहे. हवामान विभागाची स्थापना १८७५ची. १८७६-७८च्या भीषण दुष्काळानंतर हिमालयातील बर्फाच्या आधारे पावसाचे अंदाज बांधले जाऊ लागले. १९०४मध्ये विभागाची सूत्रे हाती घेतलेले गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर यांनी दूरच्या महासागरांवरील हवेच्या दाबाशी मोसमी पावसाचे नाते जोडले. पुढे त्याची सांगड ‘एल निनो’शी घातली गेली. तरीही २००२मध्ये सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज असताना प्रत्यक्षात १९ टक्के तूट आली. जुलैमध्ये तर निम्माच पाऊस झाला. २००९मध्ये एप्रिलमधील अंदाज ९६ टक्क्यांचा होता, पाऊस झाला ७८ टक्के. उलट १९९७मध्ये तीव्र ‘एल निनो’ असूनही पावसाने सरासरी गाठली.

फरक असा, की या चुका आकड्यांसह नोंदल्या गेल्या. २००२च्या फटक्यानंतर जुने प्रारूप बदलण्यात आले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने २०१२मध्ये ‘मान्सून मिशन’ सुरू झाले. एप्रिलचा अंदाज देताना पाच टक्के कमी-अधिक अशी त्रुटीची मर्यादाही सोबत सांगितली जाते.

ही मर्यादा कधी तरी संपेल का?

पूर्णपणे नाही. १९६१मध्ये अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी संगणकात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा भरला. एवढ्याशा फरकाने काही काळानंतरचे हवामान पार बदलून गेले. वातावरणाची आजची स्थिती कधीच तंतोतंत मोजता येत नाही. त्यामुळे रोजच्या हवामानाचा नेमका अंदाज साधारण दोन आठवड्यांपलीकडे देता येत नाही. संगणक कितीही वेगवान झाला, तरी ही अडचण उरतेच. समुद्राचे तापमान मात्र संथपणे बदलते. म्हणून जुलैच्या अमुक तारखेला पाऊस पडेल का हे एप्रिलमध्ये सांगता येत नसले, तरी हंगामाच्या एकूण पावसाचा कल सांगता येतो.

शेतकऱ्याने काय करावे?

देशाची हंगामी सरासरी ८७ सेंटीमीटर आहे. ती शंभर टक्के गाठली गेली, तरी एखाद्या तालुक्यात तीन आठवडे थेंब नसतो. देशाचा अंदाज बरोबर येतो आणि त्या तालुक्यात दुबार पेरणीची वेळ येते. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग देतो. हंगामी अंदाजावर वर्षाची आखणी करावी. पेरणीचा दिवस ठरवताना पुढील चार-पाच दिवसांचा अंदाज आणि शेतातील ओल पाहावी.

घटाला नमस्कार करून हंगामाला सुरुवात करणाऱ्याला त्यातून धीर मिळत असेल, तर त्यात गैर काही नाही. बियाणे आणि खतांसाठी काढलेले कर्ज मात्र धीरावर फिटत नाही. तिथे हवी ती आपल्या चुका मोजणारी माहिती, अपुरी असली तरी.