सात जूनचं घड्याळ

अमेरिकेतला भाचा मार्चमध्ये घड्याळ तासभर पुढे सारतो आणि त्याच दिवशी घरातल्या धुराच्या अलार्मचे सेल बदलतो. खालापुरात आम्ही घड्याळाला कधी हात लावला नाही. (१९४२ ते ४५, महायुद्धात, देशभरची घड्याळं तासभर पुढे होती; तेवढा अपवाद.) आमचं घड्याळ मृगाचं. सात जूनच्या आत घर शाकारलेलं हवं, बस्स.

२०२५ साली पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला. आमचं एक पाखं तेव्हा उघडं होतं, कौलं अंगणात रचलेली. तांदळाची पोती ओढताना भाऊ माझ्याकडे असा बघत होता, जसा काही मीच ढग बोलावले.

कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला १९८१ मध्ये, मी तेव्हा आठवीत. त्या आसपासची दहा वर्षं मला वर्षागणिक आठवतात. अक्षय्य तृतीया झाली की वीटभट्टीवरून कातकरी परतायचे आणि अगोटीची कामं सुरू व्हायची. आमच्याकडे येणारे बाबा नळीच्या कौलांवर मांजरासारखे चालत. वानरांनी फोडलेली कौलं वेगळी, पालापाचोळा झाडून खाली, वाळवी लागलेली रीप बदलायची, वाशांना डांबर. आम्ही पोरं रांगेत उभं राहून कौलं हातोहात द्यायचो. एक फुटलं की काकांची शिवी ठरलेली. स्वतः काका मात्र आयुष्यात शिडी चढले नाहीत. पश्चिमेच्या भिंतीला झड लागू नये म्हणून कारवीचा कूड. आई सरपण आणि गोवऱ्या पडवीत भरायची. पहिल्या सरीला गळती शोधत सगळं घर माना वर करून फिरायचं.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. मंगलोरी कौलं आली, बाबा गेले, त्यांची मुलं फार्महाउसांवर राखणीला लागली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने कोपरा उडवला, तेव्हाही मी कौलंच बसवली. हट्टाने.

गेल्या दिवाळीनंतर भावाने पत्रा घातला. ठेकेदाराने सांगितलं, वीस वर्षं बघायला नको. यंदा सर आली की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि पागोळ्यांची ती ओळ अंगणातून गेली.

भाऊ म्हणतो, पत्र्याला काही करावं लागत नाही. सैल झालेले स्क्रू मी मोजून ठेवलेत. सात.