मोठा टीव्ही घाट चढून घरी आणताना

भाताचे किंवा हिरड्याचे चार पैसे हाती आले की घरात टीव्हीचा विषय निघतो. पोरांना मोठा पडदा हवा असतो आणि म्हाताऱ्या माणसांनाही तो बरा दिसतो. मंचरला किंवा घोडेगावला जाऊन संच पसंत करणे सोपे आहे. खरा प्रश्न पुढे असतो. डिंभ्यानंतर पोखरीचा घाट चढायचा, तळेघरला उतरायचे आणि तिथून वाडीवर घरापर्यंत पोचायचे. दुकानाची गाडी दारापर्यंत येईलच असे नाही. मग हे काम आपल्यालाच करावे लागते. ते घरच्या घरी नीट होते, पण दोन-चार गोष्टी आधी समजून घेतल्या पाहिजेत.

भय वजनाचे नाही, काचेचे

पंचावन्न इंची संचाचे वजन साधारण पंधरा ते अठरा किलो भरते. पन्नास किलोचे पोते उचलणाऱ्याला ते काहीच नाही. म्हणूनच फसगत होते. घरातले वडीलधारे म्हणतात, “जुना टीव्ही आम्ही डोक्यावरून आणला होता.” ते खरेच आहे. पण त्या जुन्या डब्याची चित्रनळी जाड काचेची होती, कारण आत निर्वात पोकळी असल्याने तिला बाहेरच्या हवेचा दाब सोसावा लागे. आताच्या पडद्यात पातळ काचेचे दोन पापुद्रे असतात. आडवा धरला की तो मधोमध वाकतो आणि एका गचक्यात तडकतो. आपल्याकडे लाकडाच्या मोळीपासून हंड्यापर्यंत सारे डोक्यावरून वाहतात. एवढे एक ओझे मात्र डोक्यावर घेऊ नये. टीव्ही नेहमी उभाच न्यावा.

फुटलेली काच सहसा वॉरंटीत बसत नाही, हेही ध्यानात ठेवावे. एका गचक्यात हंगामाची कमाई जाऊ शकते. खोके आपण उघडायचे की कंपनीच्या माणसाने, हे दुकानातच विचारून पावतीवर लिहून घ्यावे.

निघण्यापूर्वी माप घ्या

टीव्हीचे इंच म्हणजे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे तिरपे माप. पंचावन्न इंची पडदा रुंदीला सुमारे चार फूट आणि उंचीला सव्वादोन फूट असतो. खोके त्याहून मोठे असते. ते गाडीत उभे बसेल का, घराच्या ठेंगण्या चौकटीतून आत जाईल का, हे सुतळीने मोजून पाहावे. टेबलावर ठेवायचा असेल तर संचाच्या दोन पायांमधले अंतर दुकानातच मोजावे. हे पाय पुष्कळदा दोन्ही टोकांना असतात आणि घरचे टेबल वीतभर अपुरे पडते.

घाटातली वाट

मोटारसायकलवर मोठा टीव्ही आणण्याचे धाडस करू नये. रुंद खोके वारा धरते आणि घाटाच्या वळणावर गाडी ओढली जाते. पिकअप किंवा जीप सांगावी. खोके ड्रायव्हरच्या केबिनला टेकवून उभे ठेवावे आणि मध्ये गोधडी किंवा गादी घालावी. पडद्याची बाजू गादीकडे असावी. दोर खोक्याच्या कडांजवळून घ्यावा. मधोमध करकचून आवळला तर दोरच काच फोडील. त्याच गाडीत खताची गोणी, सिमेंट किंवा पत्रे असतील तर ते खोक्यावर रेलणार नाहीत असे बांधावेत. ऊन असले तरी ताडपत्री जवळ हवी. या डोंगरात पाऊस विचारून येत नाही.

गाडीरस्ता संपला की पुढची वाट दोघांनी चालावी. शक्यतो सारख्या उंचीचे दोघे असावेत. दोघांनी खोक्याच्या दोन टोकांना उभे राहून खालून हात घालावा. बांधावर, ओढ्यावर थांबून दम घ्यावा. तिसरा माणूस पुढे वाट दाखवायला असला तर फार बरे. टीव्ही स्वतः आणावा, पण एकट्याने आणू नये.

घरात आल्यावर

घाई नको. थंडीतून किंवा पावसातून आणलेला संच दोन तास तसाच ठेवावा. आत दमटपणा धरला असेल तर तो सुकतो. त्याआधी वीज लावू नये.

मोठ्या संचाचे खोके पुष्कळदा खालच्या चापा काढून टोपलीसारखे वर उचलायचे असते. बाहेर लिहिलेले चित्र पाहावे. संच धरताना हात खालच्या आणि बाजूच्या चौकटीला असावेत. पडद्यावर बोटाचा दाब देऊ नये. पाय बसवण्यासाठी संच पालथा घालावा लागला तर पडद्यापेक्षा मोठी गादी अंथरावी आणि बांगड्या, कमरेच्या किल्ल्या आधी काढून ठेवाव्यात. खोके आणि आतला थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर जपावा.

भिंत की टेबल?

विटा-सिमेंटची भिंत असेल तर संच भिंतीवर टांगता येतो. कारवीच्या कुडाची किंवा मातीची भिंत मात्र हा भार धरणार नाही. तिथे घराच्या दोन खांबांना जाड फळी पक्की करून तिच्यावर पट्टी बसवावी, नाहीतर सरळ भक्कम टेबल घ्यावे. संचाच्या पाठीला लावायचे स्क्रू सोबतच्या पुडीतले किंवा सांगितलेल्या मापाचेच वापरावेत. लांब स्क्रू आत घुसून यंत्र बिघडवतो.

टेबलावरचा संच मागून पट्टीने किंवा मजबूत दोरीने खांबाला बांधून ठेवावा. रांगते मूल टेबल धरून उभे राहते आणि संच त्याच्या अंगावर येतो. असे अपघात जगभर घडतात, त्यांत लहान मुले दगावतात. बांधायला पाच मिनिटे पुरतात, ती वाचवू नयेत.

आपण बहुधा खाली बसून पाहतो. म्हणून पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत असावा. पंचावन्न इंचीसाठी सात-आठ फुटांचे अंतर पुरते. चुलीचा धूर आणि गळकी कौले यांपासून संच दूर असावा.

छत्री आणि वीज

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहावरून टीव्ही दाखवला गेला. तेव्हा तीन मीटर व्यासाची जाळीची छत्री लागे. आपले राज्य त्या सहांत नव्हते, मात्र मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजीच सुरू झाले होते. आज साठ सेंटिमीटरची छत्री पुरते. दूरदर्शनच्या फ्री डिशला महिन्याचे भाडे नाही. तिचा उपग्रह पूर्व रेखांश ९३.५ अंशावर आहे. तळेघरहून तो आग्नेय दिशेला दिसतो, क्षितिजापासून सुमारे अठ्ठावन्न अंश वर. त्या बाजूला झाड किंवा डोंगराचा कडा आड येत नाही, एवढे पाहून जागा ठरवावी. इतर कंपन्यांचे उपग्रह वेगळ्या जागी असतात. छत्रीचा खांब ओळंब्याने सरळ उभा करावा. मग एकाने छत्री अगदी सावकाश फिरवावी आणि दुसऱ्याने पडद्यावरची सिग्नलची पट्टी पाहून आतून सांगावे. जुन्या अँटेनाच्या दिवसांतले “आलं का?” “गेलं!” आजही चुकत नाही.

जोराच्या सरीत चित्र तुटते, कारण पावसाचे दाट थेंब लहरी शोषून घेतात. तेव्हा छत्रीला हात लावू नये. सर ओसरली की चित्र परत येते. बाहेरची वायर घरात घेण्यापूर्वी खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी वायरीवरून आत न येता तिथूनच ठिबकते.

तीन पायांचा प्लग अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लावावा. मोठा पाय कापण्याची खोड सोडावी. विजेचा दाब कमी-जास्त होत असेल तर चांगला स्टॅबिलायझर घ्यावा. वळवाचे ढग गडगडू लागले की प्लग काढावा. छत्रीची वायर मात्र ढग येण्यापूर्वीच काढून ठेवावी, कारण वीज त्या वाटेनेही घरात शिरते.

शेजारच्या घरी टीव्ही येणार असेल तर न बोलावता मदतीला जावे. उद्या आपले खोके घाट चढेल, तेव्हा त्याच शेजाऱ्याचे दोन हात आपल्याला लागतील.